वरच्या पाणवठ्यावरची ओंजळ

मी भीमा बोलतेय. भिगवणजवळ मला आता कुणी नदी म्हणत नाही, बॅकवॉटर म्हणतात. एका जागी बसून बसून अंग जड झालंय माझं.

नद्यांची माहिती सांगणारे आमची लांबी सांगतात, उगम सांगतात. आमच्या एकाच काठावर पाणवठे किती होते, ते मात्र कुणी सांगत नाही. धरणात बुडालेल्या इथल्या एका गावात माझे दोन होते. वरच्या अंगाला दगडी पायऱ्यांचा, तो गावाचा. तिथं म्हशी धुवायच्या, धुणं आपटायचं आणि तेच पाणी खाली महारवाड्याच्या बायकांनी घागरीत भरायचं. मला पाण्याची अशी वाटणी कधी जमली नाही. माणसांना बरी जमली.

छप्पन्न साली दीक्षा घेऊन आलेला भानुदास बायकोला म्हणाला, "आता वरच्या पाणवठ्यावर भरायचं पाणी." अक्काबाई गावाला भ्यायची. "उद्या जाऊ," म्हणायची. तिच्या उद्या-उद्यात वीस वर्षं गेली. धरणाचं पाणी चढलं, दोन्ही पाणवठे बुडाले. पुढं भानुदासही गेला.

यंदा, शहाण्णवच्या मे महिन्यात, मी आटले आणि वरच्या पायऱ्या उघड्या पडल्या. हे कळल्यावर अक्काबाई सून सारजाचा हात धरून चिखल तुडवत आली.

"ह्योच त्यो दगड," ती म्हणाली. "हितलं पाणी प्यायचं राह्यलंय माझं."

पायरीवर टेकून तिनं ओंजळ भरली. वरच्या शहरांची गटारं, कारखान्यांची मळी, सगळं माझ्याच पोटात आलंय. मला तोंड असतं तर ओरडले असते, बाई, पिऊ नकोस.

"आत्याबाई, वास मारतंय. टाका ते," सारजा म्हणाली.

अक्काबाईनं ओंजळ तोंडाशी तशीच धरून ठेवली. बोटांतून पाणी गळून गेलं.

"तुज्या सासऱ्याला काय सांगू गं? आता अडवायला कुणी न्हाय, आन् पाणीच पिण्याजोगं न्हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांनी या पायरीवर पोचलेली बाई तहानलेली बसलीय.

वर राहणाऱ्यांनो, मी फार थकलेय. माझं जुनं रूप परत मागत नाही. ही म्हातारी अजून पायरीवरून उठलेली नाही. तोवर ओंजळभर स्वच्छ पाणी तेवढं खाली येऊ द्या.