ॲपची बोहनी

आकडा कधी खोटं बोलत नाही. शुभंकरची यावर श्रद्धा होती. वीस वर्षांच्या नोकरीनंतर कंपनीनं त्याला घरी बसवलं तेव्हाही आकडेच दाखवले होते, त्यामुळे श्रद्धा मोडायला काही कारण नव्हतं.

घरी बसून त्यानं 'टिपण' नावाचं ॲप केलं. फोनवर फोटो टाकून घरबसल्या किडूकमिडूक विकणाऱ्या बायकांनी रोजची विक्री त्यात टाकायची, हिशेब ॲप ठेवणार. सगळं फुकट.

"फुकट हाय, मग तुमाला काय मिळतं, दाजी?" मेहुणा महिपती विचारायचा. कर्वेनगरातल्या वडिलोपार्जित रानात इमारती उभ्या करून झाल्यावर त्यानं आता विश्रांतवाडीला प्रकल्प काढला होता. तिथल्या साइट ऑफिसात फ्लॅट दाखवायला त्याला एक सभ्य दिसणारा माणूस हवा होता.

शेवटी शुभंकरची बायको उत्कर्षा हिनं तोडगा काढला. "भाऊबीजेपर्यंत बायका खरोखर वापरताना दिसल्या, तर माझ्या पगारावर आणखी वर्षभर कर काय करायचं ते. नाहीतर महिपतीकडे."

शुभंकर निश्चिंत होता. कुणाची विक्री किती, यात डोकवायचं नाही असं तत्त्व त्यानं घालून घेतलं होतं. नोंदी झाल्या की नाही, एवढंच तो बघे. आणि नोंदी होत होत्या. रोज सकाळी साठेक बायका एकेक विक्री टाकत. पितृपक्षातही टाकत. पितृपक्षात नव्या वस्तू कोण घेतं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

उत्कर्षाला पडला. "मला त्यातली एक तरी बाई दाखव," ती म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी दोघं खडकीला सत्यशीलाबाईंकडे गेली. बाई मूळच्या वर्ध्याकडच्या. नवऱ्याचं कंत्राटी काम सुटल्यापासून बाळकृष्णाच्या मूर्तीसाठी बोटभर अंगरखे शिवून विकायच्या. शिलाई मशिनवर चादर टाकलेली होती आणि चादरीवर घडी न केलेल्या कपड्यांचा ढीग.

"चहा ठेवते, सर. पहिले बोहनी करून घेते," असं म्हणत त्यांनी फोन उघडला. पडद्यावर आलं, 'आजची विक्री: ०'. त्यांनी गिऱ्हाइकाच्या नावापुढे 'गणपती' लिहिलं, एक रुपया टाकला आणि फोन कपाळाला लावला.

"हे काय केलंत?" शुभंकरनं विचारलं.

"उघडलं का पहिले शून्यच दिसते ना, सर. सकाळी सकाळी शून्य पाहावं का माणसानं? दिवसभर गिऱ्हाईक फिरकत नाही. ग्रुपवर मीच सांगितलं सगळ्यांना, पहिले गणपतीच्या नावानं रुपया टाकत जा."

"सगळ्या जणी टाकतात?"

"हो ना."

"आणि खरी विक्री?"

"झाली का टाकीन."

"शेवटची कधी झाली होती?"

त्यांनी मशिनकडे पाहिलं. "गोकुळाष्टमीच्या आधी. आता मोठ्या कारखान्यातले डझनानं भेटतात, माझ्या कापडाच्या भावात." मग त्यालाच बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "पण ॲप चांगलं आहे, सर. रोज काहीतरी विकल्यासारखं वाटते."

परतताना सिग्नलला उत्कर्षा म्हणाली, "गणपतीची खरेदी दांडगी आहे."

शुभंकर सिग्नलवरचे उतरते आकडे बघत होता.

"ते शून्य काढून टाक. मग जे उरेल ते खरं."

"दिवाळीचे दिवस आहेत," तो म्हणाला. "काहीतरी उरेलच."

दुपारी बसून त्यानं शून्य काढलं आणि त्या जागी पणती ठेवली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं येत राहिली. सत्यशीलाबाईंनी लिहिलं, 'खूप छान केलं सर. आता बोहनीचं टेन्शन नाही.'

शुभंकरच्या स्वतःच्या पडद्यावर एकूण नोंदींचा आकडा यायचा. तिथलं शून्य काढायचं राहून गेलं होतं. ते त्या सकाळी होतं, जेवणानंतरही होतं. धनत्रयोदशीला होतं, लक्ष्मीपूजनाला होतं.

भाऊबीजेला महिपती आला, ओवाळून घेतलं, ताटात पाकीट टाकलं. शुभंकरनं फोन पालथा ठेवला. महिपतीनं साइट ऑफिसची वेळ सांगितली.

साइट ऑफिस साडेनऊला उघडतं. रविवारी नऊला.