आवाज नसलेला संगणक

मी एक संगणक बोलतोय. बोलतोय हे आपलं म्हणायचं. माझा स्पीकर केव्हाच गेलाय.

सहा वर्षं मी वाचनालयाच्या टेबलावर होतो. कुणी पुस्तक नेलं, कुणी बुडवलं, सगळं मला पाठ. एकदा ग्रंथपालांचा चहा माझ्या अंगावर सांडला आणि माझी वाचाच गेली. मग जुन्या संगणकांच्या दुकानात फळीवर धूळ खात पडलो.

तिथे एक दिवस गाणेबाई आल्या, सोबत त्यांची लेक. तीस वर्षं बालवाडीत शिकवताना बाईंनी स्वतः गाणी रचली, चाली लावल्या. कागदावर मात्र एकही नाही. आता गळ्यात गाठ निघाली होती, ऑपरेशन दहा दिवसांवर होतं. ‘आवाज बदलू शकतो,’ असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी गाणी घरीच रेकॉर्ड करायची होती.

“आवाज नसलेला संगणक दाखवा,” लेक म्हणाली.

दुकानदाराने टुणकन उडी मारून मला काढलं. “हा घ्या! अजिबात आवाज नाही!”

माझ्या खोडीवर कुणी खूश झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी पहिलं गाणं झालं, मांजरीचं. ऐकतात तर मांजरीपेक्षा माझीच घरघर जास्त! बाईंचं तोंड एवढंसं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मायलेकी मला घेऊन दुकानात हजर.

“अहो, स्पीकरच बंद आहे, आवाज येईल कुठून?” दुकानदार म्हणाला.

“अहो दादा, आवाज म्हणजे पंख्याचा! माईकमध्ये तोच शिरतो.”

दुकानदाराने जीभ चावली. मग रंगीत दिवे लुकलुकणारा एक महागडा संगणक लावून दाखवला. बाईंनी त्याला कान लावला. “हा तर उडायच्या बेतात आहे,” त्या म्हणाल्या.

शेवटी ओशाळून त्याने मलाच उघडलं. वाचनालयाची धूळ झाडली, करकरणारी डिस्क काढून मुकाट्याने काम करणारी एसएसडी घातली, मोठा, सावकाश फिरणारा पंखा बसवला. बाईंनी पुन्हा कान लावला.

“झोपला की काय हा?”

“चालू आहे, बाई!”

उरलेल्या दिवसांत बावीस गाणी झाली. स्पीकरची गरजच पडली नाही, दोघी हेडफोन लावून ऐकत.

ऑपरेशननंतर महिनाभर बाई पाटीवर लिहून बोलत. मग आवाज आला, पण जाडसर. वरचे सूर गेले ते गेलेच. लेकीने भीतभीत त्यांना जुनं गाणं ऐकवलं. मीही धास्तावलो होतो. बाईंनी ते पूर्ण ऐकलं.

“बाई बरी गाते, पण घाई फार,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या. “माईक लाव. तिच्या जोडीला मी गाते.”

आता बालवाडीत ती गाणी लागतात. मुलं विचारतात, “बारीक आवाजाच्या त्या दुसऱ्या बाई कोण?”

“माझी धाकटी बहीण. माझ्याकडेच राहते.”

ती राहते माझ्या पोटात. मी सुखात आहे. मागणं एकच: मला भंगारात काढायचं मनात आलं, तर आधी धाकट्या बाईंची राहायची सोय बघा.