लोण्याच्या कप्प्यातल्या किल्ल्या

गुरुवारी संध्याकाळी मी ब्रॉन्क्सच्या घरी पोचले तेव्हा डॅडी कपाटात होते. आईच्या हिवाळी कोटांमध्ये उभे राहून रॅप म्हणत होते. कपाटाबाहेर त्यांचा न्हावी रॉस्को मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. जाड लोकरीत आवाज घुमत नाही, असं त्याचं म्हणणं. डांबराच्या गोळ्यांनी डॅडींना शिंका येतात, असं आईचं.

डॅडी जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेले, चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्यांचे मदतनीस. सत्तरी उलटल्यावर त्यांचा पहिला आल्बम निघत होता. नाव ‘मागे सरका’.

पुढचं दार उघडं, मागे जागा फार,
तरी सगळे दारातच, असला हा संसार.

रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रीज बंद ठेवावा लागे, नाहीतर त्याची घरघर गाण्यात येई. पहिल्या वेळी तो परत लावायला दोघंही विसरले आणि आईने थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी आणलेली टर्की नासली. रॉस्कोला आठवडाभर घरात प्रवेश नव्हता. मग त्याने रेकॉर्डिंगच्या धंद्यातली जुनी युक्ती काढली: फ्रीज बंद करताना गाडीच्या किल्ल्या आत ठेवायच्या. किल्ल्या घ्यायला गेलं की फ्रीज आठवतोच. डॅडी त्या लोण्याच्या कप्प्यात ठेवत.

आता एकच गाणं राहिलं होतं आणि ते माझ्यामुळे अडलं होतं. आमच्या चर्चमध्ये पाद्री बोलायला लागले की बाकांवरून लोक ‘बोला, बोला!’ म्हणून साथ देतात. डॅडींना आल्बमभर तशी साथ हवी होती. चर्चच्या बायकांनी ती हौसेने दिली. आई एकदा वैतागून ‘पुरे!’ म्हणाली, तेही त्यांनी ठेवलं. शेवटच्या गाण्यात मात्र एक जागा माझ्या साथीसाठी मोकळी होती. मी ग्रंथालयात काम करते, आणि चर्चमध्ये लहानपणापासून प्रार्थनेच्या पुस्तकात दुसरं पुस्तक लपवून गप्प बसत आले आहे.

“डॅडी, तिसऱ्या ओळीत ‘आणि’ दोनदा आलंय,” मी म्हटलं.

“बसला दारंही दोन असतात, वर्लीन. कुणी तक्रार केली नाही. तुझ्या जागेचं काय?”

“उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

संध्याकाळपर्यंत चर्चच्या बायका घरी जमल्या. कुणी मॅकरोनी-चीज आणलं होतं, कुणी बटाट्याचं सॅलड. युलाली मावशी सॅलड ठेवायला गेली आणि फ्रीज उघडून तशीच उभी राहिली. आत अंधार होता. माशांचा वास बाहेर आला. लोण्याचा कप्पा उघडला तर वितळलेल्या लोण्यात गाडीच्या किल्ल्या.

आईने किल्ल्या लोण्यातून बाहेर काढल्या.

“हा माणूस जातानासुद्धा माझा फ्रीज बंद करून गेला,” ती म्हणाली.

आधी रॉस्को हसला, मग आई, मग हातातली भांडी सांभाळत सगळ्या बायका. मला हसू आलं नाही. फ्रीज त्यांनी कुणासाठी बंद केला होता ते मला कळलं होतं. डॅडी सकाळपासून तयार होते.

युलाली मावशी प्लग लावायला वाकली.

“राहू दे,” आई म्हणाली. “मासे गेलेच आता. वर्लीन, तू कपाटात जा. आणि बाकीच्यांनी तोंडं मिटा.”

मी कोटांमध्ये शिरले. रॉस्कोने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि कपाटाचं दार लावलं. गाण्यात डॅडी सांगत होते, त्यांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक मुलगी बसायची, तिच्याहून मोठं पुस्तक घेऊन, आणि तिचा थांबा आला तरी तिला पत्ता नसायचा. ओळ संपली. जागा आली. मला शिंक आली.

हीसुद्धा ठेवू या, असं रॉस्कोने बाहेरून सुचवलं. मी नको म्हटलं. त्याने गाणं परत लावलं. ती मुलगी पुन्हा चढली, पुस्तक उघडलं, थांबा आला. ‘आणि’ दोनदा आलं. मग ते थांबले.

“बोला, डॅडी,” मी म्हणाले. “बोला. मी ऐकतेय.”