वरची बेल

गुरुवारी दुपारी पावणेचारलाच दांडी गावातल्या धर्माजी तांडेलांच्या माडीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. जिन्यावर बायका, गच्चीत बाप्ये, आणि खाटेवर भिंतीला टेकून बसलेले धर्माजी. समोरच्या भिंतीवर साबणाच्या वडीएवढी पांढरी बेल होती आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर लागले होते. कुणी बटण दाबू नये म्हणून धर्माजींचा मुलगा विनोद खाली दाराशी पहाऱ्याला उभा होता.

"आता बगा," बन्सी महाराज म्हणाले. "ही बेल नाय. हा वरचा मिस्ड कॉल हाय. धर्माजीशेटना वरून रिंग येते, पण मी उचलू देत नाय. उचलला की माणूस गेला."

महाराज पूर्वी बोईसरला मोबाईलचं रिचार्ज मारून द्यायचे. तो धंदा बुडाला, भाषा तेवढी शिल्लक राहिली.

चार वाजून दोन मिनिटांनी बेल वाजली. चिमण्या चिवचिवाव्यात तसा आवाज. विनोद खालून ओरडला, "दाराशी कोण नाय!" माडीवरचे सगळे हात जोडले गेले. त्यांत माझेही होते.

हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे शब्दांत झाकलं जाईल. मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. बुवाबाबांच्या नावानं जन्मभर बोटं मोडली. आणि त्या दिवशी अंगावर काटा आला, हात आपसूक जुळले. ती बेल मीच बसवली होती, हे त्याहून वाईट.

धर्माजींना हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी धमनीत स्टेंटची जाळी बसवली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि एक दिवसही चुकवू नका, अशी ताकीद दिली. वारा येतो म्हणून खाट माडीवर नेली. विनोद आणि सून हेमाली दिवसभर तारापूरच्या कंपन्यांत. तपासायला येणारी नर्स दोनदा खालची बेल वाजवून परत गेली, कारण पंख्याच्या घरघरीत वर काही ऐकूच येईना. म्हणून मी बोईसरहून दुसरी बेल आणून वर लावली. खालच्यासारखीच बिनतारी, भिंत न फोडता, दाराचं बटण तेच. लावताना चेष्टा केली, "तांडेल, वरची बेल वाजली की समजायचं, वरचं बोलावणं आलं."

तेव्हा ते हसले होते. पण दुसऱ्याच दिवसापासून चारच्या सुमाराला ती बेल आपोआप वाजू लागली. खालची गप्प, वरची तेवढी वाजे. मला सांगितलं तर मी म्हणालो, "सेल बदला," आणि घरी शिकवणी घेत बसलो. स्वतः येऊन ऐकायची तसदी घेतली नाही. मग कुणीतरी महाराजांना आणलं. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर गोळ्या बंद.

"इंग्रजी गोळी म्हणजे वरचा टॉवर. पोटात टॉवर ठेवलात तर रेंज येणारच."

आज गोळी चुकल्याचा तिसरा दिवस होता. धर्माजींचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तेवढ्यात अर्ध्या पाळीची रजा टाकून आलेली हेमाली जिन्यावरून वर आली. "महाराज, एक इचारू? पंधरा दिवसांत दोन रविवार गेले. मी घरीच होती. दोनी दिवशी बेल वाजली नाय. यमाला साप्ताहिक सुट्टी असते काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी डोळे मिटले. "रविवारी वरचं सर्व्हर बंद असतंय, बाय."

हेमाली माझ्याकडे वळली. "मास्तर, आपल्या आळीत चार वाजता असं काय चालू होतं, जे रविवारी बंद असतं?"

उत्तर मला त्याच क्षणी कळलं. गप्प बसावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग धर्माजींकडे पाहिलं आणि पुटपुटलो, "माझी शिकवणी."

आमच्या गावात बेल कुणी वाजवत नाही. "मास्तर, हाय का घरात?" अशी हाक मारतात आणि आत येतात. माझं बटण दाबतात ती फक्त शिकवणीला येणारी बोईसर कॉलनीतली मुलं. आज उशिरा येईन असं त्यांना सांगून मी इथं चमत्कार बघायला आलो होतो. मुलं मात्र वेळेवर आली होती.

हेमाली तशीच जिना उतरून निघाली. पाच मिनिटांत विनोदचा फोन वाजला. त्यानं तो वर आणून सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "मी मास्तरांच्या दारात हाय. आता तीनदा वाजवते."

भिंतीवर चिमण्या तीनदा चिवचिवल्या.

"आता पाच."

पाचदा. महाराज म्हणाले, "मी लाईन शुद्ध केली म्हणून..." आणि हातातला नारळ तिथंच ठेवून गच्चीच्या मागच्या जिन्यानं उतरले.

मग मी उभा राहून सगळं सांगितलं. मडकं घेताना आपण वाजवून घेतो. तशी ती बेल तांडेलांना द्यायच्या आधी मी घरी वाजवून पाहिली, माझ्याच दाराच्या बिनतारी बटणानं. ही बेल एकापेक्षा जास्त बटणं लक्षात ठेवते. माझं बटण तिला मीच शिकवलं आणि पुसायला विसरलो. मग इथं आणून तुमचंही शिकवलं. खालच्या बेलला माझं बटण माहीत नाही, म्हणून ती गप्प. माझं घर इथून तिसरं. तेवढा टप्पा ती लहर सहज गाठते. लहरींचा धडा मी मुलांना त्याच आठवड्यात शिकवला होता.

हेमाली परत आली, तिनं पाणी आणि गोळी पुढे केली, आणि पालघरच्या डॉक्टरांकडे आत्ताच जायचं म्हणून विनोदला रिक्षा आणायला पाठवलं. धर्माजींनी गोळी घेतली. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, मी तं अडाणी. दर्यावर जल्म गेला. तुमी का हात जोडले?"

त्या आवाजात राग नव्हता, तेच जड गेलं. खूप शोधलं तरी माझ्याकडे एकच उत्तर होतं. "सगळ्यांनी जोडले, म्हणून."

डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. ते दोन दिवस माझ्या चेष्टेच्या आणि आळसाच्या खात्यावर पडले असते. महाराजांनी फक्त आयतं पीक कापलं. पेरणी माझी होती.

म्हणून शिकलेल्यांनाच हात जोडून विनंती आहे, आणि या वेळी समजून उमजून जोडतोय. बेल वाजली तर आधी दाराशी जाऊन बघा. तिथं कुणी नसेल तर शेजारच्या दाराशी बघा. तिथंही नसेल, तर आपण काय करून ठेवलंय ते बघा. आणि तोवर कुणाची गोळी बंद करू नका.