काच न सोडणारा फोटो

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो, आणि मनात धरून बसणारा आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एका लहानशा स्टुडिओत माझा जन्म झाला. स्टुडिओचे मालक आजोबा मधोमध खुर्चीत बसले होते, आजी कडेला उभी होती. मग अंधाऱ्या खोलीत तिनेच मला पाण्यात धुतलं, दोरीवर वाळवलं, मऊ कागदात गुंडाळून पेटीत ठेवलं. आजोबांचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. त्यामुळे घरात माझं फार कौतुक.

पुढे नातवाने त्याच जागेत जुन्या फोटोंचं दालन काढलं. मला सोनेरी चौकटीत बसवायचं ठरलं, पण मी मावेना.

"कडेची पट्टी कापून टाका," तो कारागिराला म्हणाला.

"पट्टी काय म्हणतोस रे? आजी आहे ती," त्याची थोरली बहीण म्हणाली.

"दालनाला नाव आजोबांचं आहे, ताई."

कात्री चालली. जिने मला घडवलं, ती केरात पडली. त्या दिवशी मी मनात गाठ मारली.

ताई हळूच म्हणाली, "निदान काचेच्या आणि फोटोच्या मध्ये पुठ्ठ्याची कड ठेव. हवा खेळू दे."

"मग चकाकणार कसा? दाबून बसवा. फोटो आहे ग, तान्हं बाळ नव्हे."

मला मनातल्या मनात हसू आलं. माझ्या अंगावर सरसासारखा पातळ थर आहे. दमट हवेत तो मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. ओलसर दिवस आले. मी काच धरली, ती सोडण्यासाठी नव्हे.

काचेआड डाग दिसू लागले तसा नातू घाबरला. "ओढू नकोस, जाणत्या माणसाला बोलाव," ताई सांगत राहिली. त्याने ओढलंच. आजोबांचा चेहरा सोलून काचेवर गेला आणि तिथेच त्याचा चुरा झाला.

"परत चिकटवता येईल का ग, ताई?"

"आता दोघंही गेली," एवढंच ती म्हणाली.

आता मी मंद उजेडात, काचेपासून बोटभर दूर, तसाच टांगलेला आहे. ताईनेच हट्टाने मला असं लावलं. दालन बघायला आलेली मुलं विचारतात, "खुर्चीत कोण आहे?" नातू मान खाली घालतो. मला दया येत नाही. देव मला क्षमा करो, यायला हवी होती.

मित्रांनो, आम्हांला प्रखर दिवे दाखवू नका, काचेला दाबू नका. आणि आमच्यातलं माणूस कापण्याआधी विचारा, ते आमचं कोण होतं.