शिरदाकाखालची वायर

मी एक जुनी विजेची वायर आहे. पूर्वी चाळीस मीटर होते, आता एकोणतीस उरले आहे. मला गुंडाळतात त्या चक्रावर बारीक अक्षरांत लिहिलेले आहे : गुंडाळलेली असताना हजार वॅट, पूर्ण उघडल्यावर तीन हजार वॅट. मित्रांनो, ही ओळ लक्षात ठेवा. आमच्या इमारतीत ती कुणीही वाचली नव्हती.

तांब्याची कांडी तापवून, ओढून, केसासारखी बारीक करून मला बनवले. मग बिश्केकच्या बाजारातून आसिपा एजेने, म्हणजे आसिपाताईने, मला घरी आणले. सुरुवातीची वर्षे मजेची होती. कुणाच्या लग्नात अंगणातले दिवे लावायचे असोत की भिंतीला भोक पाडायचे असो, सगळे म्हणत, "एजेची लाल वायर आणा रे." त्या कामांत मी थकत नसे.

मग एजेने जुनी विजेवरची गाडी घेतली. लकवा झालेल्या माणसांना ती घरी जाऊन व्यायाम देते. तिचे रुग्ण डोंगराच्या पायथ्याशी लांबलांबच्या गावांत राहतात आणि तिथे बस वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही. सकाळी गाडी भरलेली नसेल तर कुणाचा तरी आखडलेला हात त्या दिवशी तसाच राहतो. तिची पार्किंगची जागा होती सात नंबरची, आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली. तिथे चार्जर बसवायचा म्हणून तिने तो विकतही आणला. तो खोक्यात, माझ्या शेजारी, सप्टेंबरपासून पडून होता.

कारण तुर्दाकेंची सही नव्हती. तुर्दाकुन हे तळमजल्यावरचे आजोबा. सगळे त्यांना आदराने तुर्दाके म्हणतात. अडतीस वर्षे त्यांनी वीज केंद्रात काम केले होते. सोसायटीच्या कागदावर त्यांच्या आधी कुणी सही करत नसे.

"पोरी, ही इमारत बांधली तेव्हा एका घरात एक दिवा नि एक इस्त्री होती," ते सभेत म्हणाले. "आता प्रत्येकाकडे विजेची शेगडी, हीटर, भट्टी. त्यात तुझी गाडी. मागे ऐन हिवाळ्यात तळघरातला मुख्य फ्यूज गेला, तीन दिवस सगळे कोट घालून झोपलो. विसरलीस?"

"नाही विसरले, तुर्दाके. पण हा चार्जर इमारतीचा भार बघून स्वतःच हळू होतो."

"खोक्यावर काय, काहीही छापतात!"

झाले. चार्जर खोक्यातच राहिला आणि काम माझ्या गळ्यात पडले. एजे मला तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडत असे. गाडीपर्यंत बारा मीटर पुरत. उरलेली अठ्ठावीस मीटर चक्रावरच वेटोळे घालून बसलेली. गाडी बावीसशे वॅट ओढी, तासन्‌तास. वायरीतून वीज गेली की ती थोडी तापतेच. मोकळ्या हवेत ती ऊब निघून जाते. पण वेटोळ्यात एका वळणाची ऊब दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. आतल्या वळणांना कधी चैन पडत नसे. मला ओरडता येत नाही. मी नुसती मऊ होत गेले.

जानेवारीत बर्फ पडला. तुर्दाकेंच्या बायकोला, बात्माकान आपांना, माझी दया आली. "थंडीनं हिचं प्लास्टिक तडकेल गं," म्हणत त्यांनी जुन्या शिरदाकाचा तुकडा वर आणून दिला. शिरदाक म्हणजे आमच्याकडचा लोकरीचा जाड, नक्षीदार गालिचा. एजेने तो माझ्या चक्रावर नीट पांघरला, कडा खोचल्या. दोघींनी किती मायेने केले ते! आणि माझी उरलीसुरली हवाही बंद झाली.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी एजे दुपारीच परतली आणि गाडी मला जोडून आत जेवायला बसली. शुक्रवारी आमच्याकडे घरोघरी बोर्सोक तळतात. गेलेल्या माणसांना तापल्या तेलाचा वास पोचतो, म्हणून कणकेचे हे फुगीर तुकडे तळायचे आणि त्यांच्या नावाने दुआ मागायची. त्या दिवशीही सगळ्या जिन्यात तेलाचा वास भरला होता. त्यात माझाही वास मिसळला, पण कुणाला वेगळा कळला नाही.

कळला तो तुर्दाकेंना. पुढचे बात्माकान आपांनी नंतर दहा वेळा सगळ्यांना सांगितले. म्हातारा हात पसरून दुआ मागत होता. मध्येच थांबला.

"बात्माकान, हे तेल नाही."

"काहीतरीच! तेल माझं, कढई माझी."

"वायर जळतेय!" म्हणत ते तसेच अनवाणी धावले आणि, मी कुठून लोंबते ते ठाऊक असल्याने, जिन्यातल्या पेटीतले तिसऱ्या मजल्याचे बटण पाडले. मग वर येऊन दार ठोठावत राहिले. एजेने बाल्कनी उघडली तेव्हा शिरदाकातून धूर निघत होता. त्यांनी बादलीभर बर्फ त्याच्यावर ओतला.

"मूर्ख बाई! तापणाऱ्या वस्तूला गोधडी घालतात का?" मग ते खाली वाकले. "हा शिरदाक... हा तर आमच्याकडचा."

"आपांनी दिला," एजे हळूच म्हणाली.

 तुर्दाकेंनी खिशातून चष्मा काढून माझ्या चक्रावरची ओळ वाचली. दोनदा. मग चार्जरच्या खोक्याकडे पाहिले.

"मी नाही म्हणालो, म्हणून तुझी गाडी काही थांबली नाही. धोका तेवढा माझ्या डोक्यावर येऊन बसला," ते म्हणाले. "बसव तो डबा. पण सगळ्या घरांना मी एकदम भट्ट्या लावायला सांगणार. दिवा एकदा जरी गेला, तर माझ्या हातानं उपटून काढीन."

मार्चमधल्या रविवारी सगळी इमारत कुदळी घेऊन उतरली. शेजाऱ्याच्या कामाला असे फुकट राबणे याला आमच्याकडे अशार म्हणतात. तळघरापासून सात नंबरपर्यंत चर खणायचा होता.

"एजे, एवढा खोल खड्डा वायरीसाठी की तुर्दाकेंच्या रागासाठी?" कुणीतरी विचारले.

"राग मावायचा नाही यात," आपा म्हणाल्या आणि बोर्सोकची परात पुढे केली.

माझा जळका भाग तुर्दाकेंनी पकडीने कापून टाकला होता आणि दोन्ही टोके नीट जोडली होती. चार्जर भिंतीला ठोकायला ड्रिल हवे होते, त्याला वीज मीच दिली. पण आधी त्यांनी मला शेवटच्या वळणापर्यंत उघडले आणि बर्फ वितळलेल्या अंगणात नागमोडी पसरले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सगळ्या अंगाला वारा लागला.

मग परीक्षा. तुर्दाके तळघरात मुख्य बटणापाशी, एजे चार्जरसमोर. आपा जिन्यात उभ्या राहून ओरडल्या, "लावा!" बारा घरांत भट्ट्या, किटल्या, इस्त्र्या सुरू झाल्या. चार्जरवर बत्तीसचा आकडा होता, म्हणजे तो बत्तीस अँपिअर वीज ओढत होता. एजेने ओठ घट्ट दाबून धरले. आकडा वीस झाला. अकरा. सहा. जिन्यातला दिवा लुकलुकलासुद्धा नाही. आणि आपा "बंद!" म्हणाल्या तसा आकडा हळूहळू पुन्हा बत्तीसवर चढला.

तुर्दाके वर आले, हात पुसत. "खोक्यावर खरं छापलंय," एवढेच म्हणाले. एजे रडत रडत हसली आणि गाडी चार्जरला लावली.

मित्रांनो, मी आता तळघरात खिळ्याला टांगलेली असते. कधी ड्रिलसाठी, कधी लग्नाच्या दिव्यांसाठी मला खाली काढतात. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिची काळजी घ्यायची असेल तर आधी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि वापरताना तिला पूर्ण मोकळी करा. माझ्यावर माया सगळ्यांचीच होती. पण मला पांघरूण नको होते. मला कुणीतरी उलगडायला हवे होते.