पडद्यासमोरची कागदी पावलं

मित्रांनो, मी चित्रं दाखवणारा एक जुना पडदा आहे आणि मला माणसांची शिसारी आली आहे. गोड गोड काही ऐकायला मिळेल, अशी आशा ठेवू नका.

तो खास चष्मा न लावताही चित्र खरं, खोल दिसावं, म्हणून मला घडवलं. माझ्या काचेवर केसासारख्या बारीक भिंगांच्या उभ्या रेघा आहेत. त्या एक चित्र डाव्या डोळ्याकडे धाडतात, दुसरं उजव्या. दोन्ही जुळली की वस्तू हात लावावा इतकी पुढे येते. या रेघा आमच्या इंजिनियर ताईने बसवल्या. ती एक डोळा मिटून बघायची, मग दुसरा. एकदाची चित्रं जुळली, तेव्हा ती माझ्यासमोर हसली आणि मी हुरळून गेलो.

पण तिथेच घोळ झाला. रोज मला बघून बघून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे पाय आपोआप एकाच जागी थांबू लागले. तिथून मी झकासच दिसायचो. जरा बाजूला सरकून बघावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई शस्त्रक्रियेसाठी पडदा बघायला आल्या आणि मनाला येईल तिथे उभ्या राहिल्या. त्यांना माझ्यावरच्या एका हृदयाची दोन दिसली, वर मळमळायलाही लागलं. ताईचं तोंड एवढंसं झालं. तिने कंपनीच्या मालकांकडे दुरुस्तीला वेळ मागितला. मालकांनी मात्र जमिनीवर बरोबर त्या ठरलेल्या जागी कागदाची दोन पावलं चिकटवली आणि बाईंना पुन्हा बोलावलं. शी! नुसत्या आठवणीनेही किळस येते.

बाई त्या पावलांवर उभ्या राहिल्या. हृदय लख्ख दिसलं, त्यातलं छोटंसं भोकसुद्धा. एका मुलीची शस्त्रक्रिया जवळ आली होती. तिच्यासाठी हाच पडदा नेते, असं त्या म्हणाल्या. मालकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मित्रांनो, शस्त्रक्रिया करताना माणूस काय कागदी पावलांवर खिळून उभा राहतो? त्या मुलीचं काय झालं असतं? मला माझीच घाण वाटली.

ताई कोपऱ्यात ओठ चावत होती. बोललं तर नोकरी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, एक पाऊल डावीकडे या," ती म्हणाली.

बाई सरकल्या आणि हृदय दुभंगलं. त्यांनी पर्स उचलली. दारात थांबून ताईला म्हणाल्या, "नवा पडदा झाला की मला बोलव. मी चालत-फिरत बघेन."

ताईला त्याच दिवशी काढून टाकलं. मला अडगळीत ढकललं आणि मालकांनी ती पावलं उपटून माझ्याच तोंडावर थापली. पावलांचा डिंक आता रेघांत मुरलाय, त्यावर झुरळं फिरतात.

कधी आलात तर मऊ कापडाने, रेघांच्या दिशेने पुसा मला. नाही जमलं तरी राग नाही. पण मित्रांनो, कुणी गोड हसून तुम्हाला "इथेच उभे राहा" म्हणालं, तर आधी एक पाऊल बाजूला सरकून बघा.